‘जाऊ देते’ म्हणजे नक्की काय?

...आणि वर मलाच विचारतात, "पबित्रा, तू त्या माणसाला शिकवलंस तरी काय?" काय शिकवलं म्हणजे? इंग्रजी शिकवलं! त्यासाठीच ठेवलंय ना मला? त्याला मी भरतकाम शिकवलं असतं आणि मग तुम्ही विचारलं असतंत, तर गोष्ट वेगळी... मी भांडत नाही हो, आपलं विचारतेय!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई आली काय आणि तोंड सुटलं काय. मी पबित्रा लुइटेल. जन्म भूतानचा, वाढले नेपाळातल्या निर्वासितांच्या छावणीत, आणि गेली बारा वर्षं मुक्काम ॲक्रन, ओहायो. इथे एका चर्चच्या तळघरात आमचा इंग्रजीचा वर्ग भरतो. मुलांचा नाही हो, मोठ्यांचा! वर्गातलं सगळ्यात लहान लेकरू चौतीस वर्षांचं आहे, आणि जसोदा आजींना पणतू झालाय. सगळी आमचीच भूतानची नेपाळी माणसं. यांना इंग्रजी शिकवायचं, अर्धंमुर्धं आलं की नोकरी शोधून द्यायची, आणि मग ती नोकरी नव्वद दिवस टिकवून दाखवायची. नव्वद दिवस टिकली की माणूस कायम. तुम्हाला सांगते, नोकरी लावून देणं म्हणजे लग्न लावून देणं, अक्षता टाकल्या, जेवलो, हात धुतले, मोकळे. पण टिकवणं म्हणजे नांदवणं! सासर परकं, सासूची भाषा परकी, आणि रुसून कोण माहेरी आलं की वर्ग चालवणाऱ्या आमच्या मोठ्या मॅडम बोलावणार कुणाला? पबित्राला!

तर वर्ग दोन. सकाळी दहाचा वर्ग बेकारांचा, दुपारी चारचा नोकरीवाल्यांचा. हे लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण मला त्या दहाच्या वर्गामुळेच कळलं.

छविलाल सिवाकोटी हे माझे चारच्या वर्गातले विद्यार्थी. वय छप्पन्न. मी त्यांना दाजू म्हणते, म्हणजे थोरला भाऊ, आणि ते मला मिस म्हणतात, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे असून! भूतानात त्यांची संत्र्यांची बाग होती. ती गेली, देश गेला, मग छावणीत अठरा वर्षं, आणि मग थेट ॲक्रनच्या बर्फात. डोक्यावर नेपाळी ढाका टोपी, खिशात वही, आणि वहीत मी बोललेला शब्दन् शब्द. मी शिंकले तरी लिहून घेतील! असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं म्हणायची मी. आता म्हणत नाही.

या दाजूंच्या आधी दोन नोकऱ्या गेल्या. कामात कसूर? छे! पहिली हॉटेलच्या धोबीखान्यात. तिथल्या मॅनेजरने विचारलं, "रविवारी आलात तर तुमची हरकत नाही ना?" आता आपण काय म्हणू? "हो!" म्हणजे हो, हरकत नाही. दाजू मोठ्याने म्हणाले, "येस!" आणि इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, होय, माझी हरकत आहे! वर हसून म्हणाले! त्या मॅनेजरला वाटलं, माणूस हसत हसत तोंडावर नकार देतोय. चार रविवार त्याने विचारलं, चार रविवार यांनी आनंदाने हरकत घेतली, आणि पाचव्या सोमवारी... संपलं. आता मला सांगा, नाही या शब्दाला हो म्हटलं की त्याचं होय होतं का नाही होतं? ज्याने कुणी ही भाषा केली त्याने हे ठरवताना कुणाला विचारलं होतं? मी भांडत नाही हो, आपलं विचारतेय!

दुसरी नोकरी दिवे जोडायच्या कारखान्यात. तिथे गुडघाभर बर्फ पडला, बस बंद. दाजू दीड तास चालत गेले, भुवयांवर बर्फ घेऊन दारात उभे! तिथली बाई म्हणते, "उशीर होणार होता तर फोन का नाही केलात?" दाजू म्हणतात, "फोन करत बसलो असतो तर आणखी उशीर झाला असता." चूक आहे का यात काही? पण तिथला नियम असा, की न कळवता उशीर म्हणजे गैरहजेरी, आणि अशा दोन झाल्या की रामराम. त्या हिवाळ्यात बर्फ दोनदा पडला.

पण खरी गंमत पुढे आहे. दोन्ही वेळा साहेबांनी दाजूंना खोलीत बोलावून, गोड बोलून, हात हातात घेऊन काढून टाकलं, आणि दोन्ही वेळा दाजू "थँक्यू, थँक्यू" म्हणत घरी आले आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा कामावर हजर! दाराला कार्ड लावतात तर दार उघडेना. तेव्हा रखवालदाराने खुणा करून सांगितलं.

मग दाजू वर्गात उभे राहिले. म्हणाले, "मिस, नोकरी मागायची कशी ते तुम्ही शिकवलंत. आता ती काढून घेतात कशी, तेही शिकवा. दोनदा काढलं मला, दोन्ही वेळा दारात कळलं. माणसाला आपला अपमान वेळेवर तरी कळायला हवा."

बरोबरच आहे की! म्हणून मी शिकवलं. चांगला तासभर शिकवलं. म्हटलं, हे बघा, सिनेमात दाखवतात तसं टेबलावर मूठ आपटून "चालता हो" असं इथे कुणी म्हणत नाही. इथे आवाज मऊ करतात आणि म्हणतात, "लेट यू गो." म्हणजे शब्दशः काय, तर आम्ही तुम्हाला जाऊ देतो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

झालं! वर्गात कल्ला. एक जण म्हणतो, "पण आम्हाला जायचंच नसतं, मग जाऊ देतात म्हणजे?" दुसरा म्हणतो, "काढतात ते, आणि उपकार आमच्यावर?" आणि मागच्या बाकावरून जसोदा आजी, पणतूवाल्या, म्हणाल्या, "छावणीतून जाऊ द्या जाऊ द्या म्हणून अठरा वर्षं पदर पसरला, तेव्हा कुणी जाऊ दिलं नाही. आणि इथे न मागता देतात?"

मलाही तोवर कधी सुचलं नव्हतं की हा शब्द असा का. बारा वर्षं वापरतेय! काढणारा माणूस दार उघडून धरल्यासारखं का बोलतो? त्याला लाज वाटते म्हणून? की आपल्याला कमी लागावं म्हणून?

दाजूंना त्यात रस नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं आणि विचारलं, "असं कुणी म्हटलं की आपण काय करायचं?" मी म्हटलं, "वाद घालायचा नाही. रडायचं नाही. कामाच्या वस्तू परत करायच्या, सगळ्यांशी हात मिळवायचा, आभार मानायचे, आणि ताठ मानेनं बाहेर पडायचं. म्हणजे पुढच्या नोकरीसाठी ते आपल्याबद्दल चांगलं सांगतात." दाजूंनी लिहून घेतलं. एक, दोन, तीन, चार. आकडे घालून!

आता तिसरी नोकरी. आणि ही टिकायलाच हवी होती, कारण आमच्या टीकामाया भाउजू, म्हणजे दाजूंची बायको. त्यांचे गुडघे पार गेलेले, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती बाई एकदा खाली उतरली की वर चढताना प्रत्येक वळणावर पायरीवर बसायची. शेवटी उतरणंच सोडून दिलं. चार महिने खिडकीतून रस्ता बघत होती. अशात दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरचं घर मिळत होतं. पुढे वीतभर अंगण, मिरच्या लावता येतील एवढं. पण घरमालक म्हणाला, नोकरी कायम झाल्याचं पत्र आणा, मगच किल्ली. तुमच्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबतो, पुढे नाही.

मी नोकरी शोधली. फळं निवडून, कापून, डब्यात भरायचा कारखाना. मुलाखतीला मीही शेजारी बसले. माणसं घ्यायचं-काढायचं बघतात ते मिस्टर कर्टिस, हा एवढा उंच, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, समोर कॉम्प्युटर. म्हणाले, "स्वतःबद्दल थोडं सांगा." दाजूंनी आजोबांपासून सुरुवात केली. आजोबा बैल घेऊन डोंगरावर कसे चढले... मी टेबलाखालून पाय दाबतेय, तर दाजू माझ्याकडे वळून म्हणतात, "मिस, तुमचा पाय लागतोय." मिस्टर कर्टिसनी विचारलं, "तुमच्यातला एखादा कमकुवतपणा?" दाजूंनी खूप विचार केला आणि म्हणाले, "बायकोचे गुडघे."

गेली, म्हटलं, हीपण गेली! तेवढ्यात दार ढकलून आल्या रोंडाबाई. फळं निवडायच्या सरकत्या पट्ट्यावरच्या मुकादम. साठीच्या, आवाज असा की भोंगा वाजवायची गरज नाही. हातात दोन संत्री. तक्रार करत होत्या की वरून चकाचक माल येतो आणि आतून भुसा निघतो. दाजूंनी हात पुढे केला. एक संत्रं तळहातावर घेतलं, नुसतं वजन केल्यासारखं हलवलं आणि म्हणाले, "ड्राय." दुसरं घेतलं. "गुड." रोंडाबाईंनी तिथेच चाकू काढून कापलं. पहिलं कोरडं ठाक, दुसऱ्याचा रस मिस्टर कर्टिसच्या कागदांवर. रोंडाबाई म्हणाल्या, "कर्टिस, हा माणूस माझा."

आणि तुम्हाला सांगते, दृष्ट लागावी अशी नोकरी चालली! टोपीवरून केसांची जाळी घालून दाजू पट्ट्यावर उभे राहायचे. थर्मासमधून आल्याचा चहा न्यायचे, आणि दहाच्या सुट्टीत अर्धा कप रोंडाबाईंना द्यायचे. रोंडाबाई उभ्याने प्यायच्या आणि बोलायच्या. काय बोलायच्या? सगळं! पाठ, कुत्रा, आणि मुख्य म्हणजे बहीण. सख्खी धाकटी बहीण, सात वर्षं बोलत नाही म्हणे. आईच्या घरातल्या कुठल्याशा कपाटावरून बिनसलेलं. दाजूंना त्यातलं चार आण्यांचं कळायचं. पण ऐकण्यासाठी मी वर्गात तीन शब्द शिकवले होते. "ओह!" "रिअली?" आणि "गॉड नोज." दाजू तेवढे तीन आलटून पालटून वापरायचे, पुढे झुकून, डोळ्यांत बघून. रोंडाबाई सगळ्यांना सांगत सुटल्या की असा समजूतदार माणूस या कारखान्यात झाला नाही!

त्र्याऐंशी दिवस. नव्वदातले त्र्याऐंशी! सात उरले होते.

आणि शुक्रवारी सकाळी मी दहाच्या वर्गात शिरते, तर पहिल्या बाकावर कोण? छविलाल दाजू! वही उघडून, पेन सरसावून!

मी म्हटलं, "दाजू, तुम्ही इथे? हा दहाचा वर्ग आहे, बेकारांचा. तुमचा चारचा."

"हो मिस," म्हणाले, "म्हणूनच दहाला आलो."

माझ्या हातातली खडूची पेटीच पडली. म्हटलं, "काय झालं?"

तर दाजू उभे राहिले. आणि चेहरा काय सांगू तुम्हाला... नोकरी गेलेल्या माणसाचा चेहराच नव्हता तो! पहिला नंबर आल्यासारखा! म्हणाले, "काल त्यांनी मला काढलं. आणि मिस, मला तिथल्या तिथे कळलं! एक शब्द चुकला नाही. आधीच्या दोन नोकऱ्या गेल्या त्या कळल्या नाहीत, ही पूर्ण कळली. तुमचं शिकवणं फुकट गेलं नाही."

आणि मागून टाळ्या! अहो, खरंच टाळ्या! जसोदा आजी म्हणाल्या, "शाब्बास." आता यावर मी हसू की डोकं आपटू? मी भांडत नाही हो, आपलं विचारतेय!

तेवढ्यात मोठ्या मॅडम जिन्यावरून खाली. "पबित्रा, कारखान्यातून फोन होता. तुझा माणूस काल भर कामातून उठला, जाळी काढून घडी घालून ठेवली, बारा जणांशी एकेक करून हात मिळवला आणि चालता झाला! आज आलाच नाही. काम सोडून पळाला म्हणून नोंद करतायत. तू त्याला शिकवलंस तरी काय?"

पळाला? काढला? एक म्हणतो काढलं, एक म्हणतो पळाला! मग खरं काय घडलं, हे कळल्याशिवाय मला राहवेना. वर्गाला म्हटलं धडा सातवा वाचा, आणि दाजूंना बाहेर जिन्यावर बसवलं. म्हटलं, "जसंच्या तसं सांगा. कोण, कुठे, काय म्हणालं."

"दहाची सुट्टी. मी खुर्चीवर. रोंडाबाई समोर उभ्या, चहा पीत. बहिणीचं सांगत होत्या. बराच वेळ. मग घड्याळ बघितलं, कप ठेवला..."

"आणि?"

"आवाज मऊ केला, मिस. तुम्ही सांगितला होतात तसाच. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, 'वेल, आय विल लेट यू गो.'"

बाई बाई बाई! अहो, ही इथली बोलण्याची रीत आहे! गप्पा आवरत्या घ्यायच्या असल्या, फोन ठेवायचा असला की इथे "चला, जाते मी" असं म्हणत नाहीत, "चला, तुम्हाला जाऊ देते" म्हणतात! तेच शब्द! अगदी तेच! आणि हे मी शिकवायला विसरले होते. बारा वर्षं रोज दहा वेळा ऐकतेय, स्वतः म्हणतेय, आणि दोन अर्थ शेजारी शेजारी उभे आहेत हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही!

मी दाजूंना सांगितलं. त्यांनी वहीतलं ते पान काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "पण मिस, मला कुणी धरलं नव्हतं. मी माझ्या खुर्चीवर बसलो होतो, माझा चहा पीत होतो. जायचं त्यांना होतं. उभ्या त्या होत्या. मग त्या मला कशा जाऊ देणार?"

आहे उत्तर? तुमच्याकडे आहे?

"भाउजूंना सांगितलंत?" मी विचारलं.

तिथे मात्र पहिला नंबर उतरला. म्हणाले, "काल सांगितलं. तिने खिडकीचा पडदा लावून घेतला."

उठा, म्हटलं. गाडी काढली. वाटेत दाजू एकच म्हणाले, "हात मिळवायला नको होता. बारा जणांशी मिळवला. आता परत कुठल्या तोंडानं जाऊ?"

कारखान्यात शिरलो तर रोंडाबाई दारातच! डोळे लाल. मला म्हणतात, "माझ्यामुळे गेला ना? मला माहीत होतं! मी फार बोलते. माझी बहीणसुद्धा हेच म्हणायची. ऐंशी दिवस बिचाऱ्याला सुट्टीत चहा शांतपणे पिऊ दिला नाही मी. शेवटी कंटाळून गेला!" ती बाई रात्रभर झोपली नव्हती हो! तिला वाटत होतं तो तिला सोडून गेला, याला वाटत होतं तिने याला काढलं, आणि दोघांच्या मधे उभा एक शब्द, तोही मीच नेऊन ठेवलेला!

मी सगळं सांगितलं. रोंडाबाईंनी आधी तोंडावर हात धरला, मग अशा हसल्या की पट्ट्यावरच्या माणसांनी माना वळवल्या, आणि मग परत रडल्या. आणि दाजूंचा दंड धरून गेल्या थेट मिस्टर कर्टिसच्या खोलीत.

मिस्टर कर्टिस वाईट माणूस नाही. पण कॉम्प्युटरपुढे बसलेला माणूस. म्हणाले, "मला वाईट वाटतं, पण इथे दोनच रकाने आहेत. 'स्वतः सोडून गेला' किंवा 'काढून टाकला'. सोडून गेला असेल तर पुन्हा घेता येईल, पण नव्वद दिवस पुन्हा एकपासून."

पुन्हा एकपासून! महिनाअखेरीला दहा दिवस होते. मला डोळ्यांपुढे तो पडदाच दिसला.

रोंडाबाईंनी टेबलावर थाप मारली. "तो स्वतः गेला नाही. मी त्याला जाऊ दिलं!"

"म्हणजे तू काढलंस?"

"मी कशाला काढीन? माझा सगळ्यात चांगला माणूस आहे!"

"मग तो स्वतः गेला."

"मुकादमाने जा म्हटलं म्हणून गेला! सांगितलेलं ऐकणं म्हणजे पळून जाणं का?"

"म्हणजे तू त्याला जा म्हटलंस?"

"हो! म्हणजे नाही! अरे, मी जात होते!"

मिस्टर कर्टिसनी बोट या रकान्यावर नेलं, त्या रकान्यावर नेलं, परत आणलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाजू उभे राहिले. टोपी नीट केली. आणि माझ्याकडे न बघता, वही न उघडता, आपल्या इंग्रजीत बोलले. एकेक वाक्य, दगड रचल्यासारखं. "मिस्टर कर्टिस. मी चूक ऐकलं. माझा कान नवा आहे. हात जुना आहे. तुम्ही हाताला काम दिलं. कान शिकेल." मग बोट वर केलं. "एक प्रश्न आहे. ती उभी. मी बसलेला. मग कोण कुणाला जाऊ देतं?"

मिस्टर कर्टिस छताकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "माझी आई फोन ठेवताना रोज हेच म्हणते. 'तुला जाऊ देते.' मला कायम वाटायचं, मला घाई आहे म्हणून म्हणते." मग कॉम्प्युटरवर खाली खाली जात त्यांना एक तिसरा रकाना सापडला. 'इतर'. त्यात त्यांनी टाइप केलं, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, "संभाषण संपवताना झालेला गैरसमज. दीड दिवस बिनपगारी रजा. मोजणी चालू." आणि दाजूंना म्हणाले, "जाळी घाला. पट्ट्यावर माल तुंबलाय."

दाजूंनी पुन्हा बाराच्या बारा जणांशी हात मिळवला! म्हणाले, "निरोपाचा मिळवला तर आल्याचा नको?"

नव्वद दिवस भरले. पत्र मिळालं, किल्ली मिळाली. घर बदललं त्या दिवशी मी गेले होते. भाउजूंनी जिना उतरायला पाऊण तास घेतला, कुणाला हात लावू दिला नाही, आणि नव्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत उठल्याच नाहीत. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला "हॅलो" म्हणत होत्या. तेवढंच येतं त्यांना. पुरत होतं.

मीही वर्गात नवा धडा घातला. जाऊ देणे, भाग पहिला आणि भाग दुसरा. फळा पुरला नाही. मोठ्या मॅडम म्हणाल्या, छान. म्हटलं, सुटले! आता तुम्ही म्हणाल, बाई, सगळं गोड झालं, मग आल्या आल्या तणतणत का होतात? अहो, तेच सांगतेय!

आमच्यात पद्धत आहे, नोकरी कायम झाली की सहा महिन्यांनी फोन करून चौकशी करायची. मी केला परवा. म्हटलं, "रोंडाबाई, कसं काय आमच्या दाजूंचं?"

"काम सोन्यासारखं," म्हणाल्या. "पण... एक तक्रार आहे. रागावू नकोस. पूर्वी किती छान ऐकायचा गं! आता त्याला इंग्रजी यायला लागलंय."

"मग?"

"मग काय? परवा मी बहिणीचं सांगत होते, तर मधेच म्हणतो, 'रोंडा, चूक तुझी आहे. कपाट देऊन टाक. फोन कर.'"

म्हटलं, "मग? केलात फोन?"

"केला. दीड तास बोललो. रविवारी येतेय ती. पण मुद्दा तो नाही! मुद्दा असा की माझ्या सुट्टीत मला बोलायचं असतं, आणि आता तोच बोलतो! संत्र्यांचं, आजोबांच्या बैलाचं... चहा गार होतो माझा." आणि मग आवाज मऊ करून म्हणतात, "पबित्रा, मला आणखी सहा माणसं हवीत. त्याच्यासारखीच. फक्त एक कर... जरा कमी शिकवून पाठव."

आता बोला! आज दहाच्या वर्गात गेले. फळ्यावर तारीख लिहिली. समोर वह्या उघडून बावीस जण बसलेत, आणि मी खडू हातात धरून उभी... कुठवर शिकवू, सांगा ना!